बारापेडेच्या गुहेत आत जाऊ नका, काम तोंडाबाहेरून करा

प्रति,
वनाधिकारी आणि वनकर्मचारी,
भीमगड वन्यजीव अभयारण्य (कर्नाटक), म्हादई वन्यजीव अभयारण्य (गोवा) आणि सावंतवाडी वनविभाग (महाराष्ट्र)

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ ज्या बारापेडे गुहा आहेत, त्यांच्या आत कुणीही जाऊ नये. पर्यटक नको, छायाचित्रकार नको, मोजणीला आलेला वनरक्षक नको आणि आमच्यासारखे अभ्यासकही नकोत. गुहेची राखण, वटवाघळांची मोजदाद आणि त्यांच्या नव्या जागांचा शोध ही तिन्ही कामे गुहेच्या तोंडाबाहेर राहून होतात, आणि आत जाऊन केल्यापेक्षा चांगली होतात. ती कशी करायची आणि कुठे फसतात, हे लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

या गुहेतल्या ज्या वटवाघळासाठी एवढे लिहायचे ते रॉटनचे वटवाघूळ. शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्या कामात तळेवाडीच्या गुहेतून जे नमुने मिळाले, त्यांवरून ब्रिटिश म्युझियमच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचे. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी. हे वटवाघूळ तुमच्याच खात्यातल्या माणसाच्या नावाने ओळखले जाते, आणि ज्या जंगलात ते पहिल्यांदा सापडले ते आज तुमच्याच ताब्यात आहे.

त्यानंतरची जवळजवळ नव्वद वर्षे साऱ्या जगात या जातीचा पत्ता एकच होता, बारापेडे. २००० च्या सुमारास कंबोडियाच्या उत्तरेला प्रीह विहिअर प्रांतात एक नर सापडला. मग मेघालयातून नोंद आली, आणि पुढे तिथल्या खासी आणि जयंतिया टेकड्यांमधल्या चुनखडीच्या गुहांत वसाहती असल्याचे स्पष्ट झाले. बेळगाव ते मेघालय अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. मेघालयापासून कंबोडियाची ती जागा जवळजवळ तेवढीच लांब. एखादा प्राणी दोन-दोन हजार किलोमीटरांची उडी मारून वसाहत करत नाही. याचा सरळ अर्थ असा की मधल्या प्रदेशात तो आहे किंवा होता, आपल्या नजरेत आला नाही. जागतिक तांबड्या यादीत एकेकाळी त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' म्हणून होत होती. नव्या नोंदी आल्यावर तो 'माहिती अपुरी' या गटात गेला. ही बढती नाही. आपल्याला अजून पुरेसे कळलेले नाही, एवढेच ती यादी सांगते, आणि माहिती अपुरी आहे म्हणून संरक्षणात ढिलाई आली तर एकुलती एक जुनी वसाहत हातची जायची.

आता शरीराकडे या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. हे वटवाघूळ आपल्या घरात शिरणाऱ्या पाकोळीपेक्षा बरेच मोठे. पंखातले पुढचे हाड, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे, साधारण साडेसहा सेंटिमीटर. रंग गडद चॉकलेटी, आणि मानेमागे खांद्यांवर फिकट राखाडी पट्टा, जणू उपरणे टाकलेले. कान मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि नाकावरून पुढे झुकलेले. शेपटी पडद्यातून मोकळी बाहेर आलेली. पंख लांब आणि अरुंद. या शेवटच्या गोष्टीत सगळे मर्म आहे. लांब-अरुंद पंखांचे वटवाघूळ उंच मोकळ्या हवेत वेगाने सरळ उडते. त्याला जागच्या जागी तरंगता येत नाही, अरुंद जागेत झटकन वळता येत नाही आणि सपाट जमिनीवरून उडी घेऊन हवेत झेपावणे जड जाते. उड्डाण घ्यायचे तर आधी उंचावरून स्वतःला खाली सोडून द्यावे लागते. जमिनीवर पडलेले वटवाघूळ आधी एखाद्या भिंतीवर किंवा खडकावर सरपटत चढते, मग तिथून उडते. गुहेत माणूस शिरला, घबराट झाली आणि पिल्लू खाली पडले तर काय होते, ते यावरून लक्षात यावे.

दिवसा ही वटवाघळे छतातल्या खळग्यांत आणि भेगांत घट्ट घोळक्याने बसतात. गुहेच्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसतही नाहीत, आणि म्हणूनच 'आत काही नव्हते, आम्ही फक्त पाहून आलो' असे लोक प्रामाणिकपणे सांगतात. छताचे खळगे उलट्या ठेवलेल्या वाडग्यासारखे असतात. उबदार हवा त्यात अडकून राहते, घोळक्याच्या अंगाची ऊब टिकते. पण धूरही वरच जातो आणि त्याच खळग्यात जाऊन बसतो. गुहेच्या तोंडाशी चहासाठी तीन दगडांची चूल मांडली, आग्या मोहोळ उतरवायला कुणी मशाल धरली, रात्री मुक्कामाला शेकोटी केली, तर धूर तोंडातून बाहेर पडतोय असे खाली बसलेल्याला वाटत राहते आणि आत छताशी मात्र तासन्‌तास धूर कोंडलेला असतो. वन्यजीव कायद्याच्या ३० व्या कलमानुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवायला बंदी आहे. ते कलम वणव्यासाठी आहे असे समजले जाते. गुहेच्या तोंडाशी ते वटवाघळांसाठीही वापरा, ही विनंती.

या पार्श्वभूमीवर लोखंडी जाळीच्या दाराबद्दल बोलायला हवे. गुहेचे संरक्षण म्हटले की पहिला विचार डोक्यात येतो तो दाराचा: आडव्या गजांचे फाटक, कुलूप, किल्ली वनरक्षकाकडे. युरोप-अमेरिकेत अशी फाटके सर्रास बसवतात. आडव्या गजांमध्ये साधारण १५ सेंटिमीटरची फट आणि उभ्या खांबांत निदान अर्धा मीटर अंतर, हा तिथला प्रचलित ठोकताळा. नालनासी (घोड्याच्या नालेसारखे नाक असलेल्या) वटवाघळांसारख्या, रुंद पंखांच्या आणि हळू उडणाऱ्या कित्येक जाती त्यातून ये-जा करायला शिकतात. मोकळ्या शेपटीची वटवाघळे शिकत नाहीत, आणि गुहेत राहणारी फळखाऊ वटवाघळेही सहसा नाही. वेगाने सरळ येणाऱ्या आणि पंख पसरले की जवळजवळ हातभर होणाऱ्या प्राण्याला १५ सेंटिमीटरच्या फटीतून जायचे म्हणजे पंख मिटून झेप घ्यायची, आणि तेवढ्यासाठी लागणारी उंची आणि वळायची जागा फाटकापाशी नसते. मग ती आतल्या बाजूला गोल गोल फिरत राहतात, बाहेर पडायला उशीर होतो, आणि गजावर टपून बसलेला साप किंवा घुबड एकेक टिपत राहते. चांगल्या हेतूने बसवलेल्या फाटकामुळे वसाहती रिकाम्या झाल्याची उदाहरणे वटवाघळांच्या संवर्धनात आहेत. आपल्या पावसात दुसरीही अडचण येते. जूनपासून पालापाचोळा गजांत अडकतो, खालचा अर्धा भाग बुजतो, आणि गुहेतली हवा खेळायची थांबते. तापमान आणि ओलावा एकदा बदलला की छताचा तोच खळगा वटवाघळांसाठी परका होतो.

म्हणून बारापेडेच्या तोंडावर फाटक नको. जाळी तर मुळीच नको. तोंड रुंद करणे, खडक फोडून वाट सोपी करणे, आत पायऱ्या, दिवे, कठडे यांपैकी काहीही नको.

अडवायचे ते माणसाला आणि तेही लांबून. सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे वाट मोडणे. गुहेकडे जाणारी पायवाट मुख्य वाटेपासून जिथे फुटते, तिथे काटेरी झुडपांचा झाप घालावा, झाडांवरच्या रंगाच्या खुणा पुसाव्यात, आणि गुहेचे नाव असलेला एकही फलक लावू नये. फलक लावायचाच तर 'प्रवेश निषिद्ध, वन्यजीव क्षेत्र' एवढा पुरे. 'दुर्मीळ वटवाघूळ गुहा' असे लिहिले की उत्सुकता वाढते, आणि ज्याला कधी यायचे नव्हते तोही वळून येतो. एवढ्याने भागत नसेल तर कुंपण घाला, पण तोंडापासून निदान दहा-पंधरा मीटर लांब, दोन मीटरपेक्षा उंच नाही, आणि तोंडासमोरून वटवाघळे ज्या उंचीवरून जातात तिच्या बरेच खाली. वरची तार काटेरी नसावी. काटेरी तारेत पंखाचा पडदा अडकून वटवाघळे तडफडून मरतात, आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. वर गुळगुळीत तार, काटेरी तार लावायचीच तर खालच्या दोन ओळींत. आणि तोंडासमोरची झाडे साफ करू नका. उड्डाणाच्या वाटेतली एखादी वाढलेली फांदी काढायला हरकत नाही, पण झाडी हटली की तोंडाशी चांदणे आणि ऊन दोन्ही पोचते आणि घुबडांना आयती बैठक मिळते.

राखणीबद्दल आणखी एक गोष्ट. अभयारण्यातल्या गावांच्या पुनर्वसनाचा विषय चालू आहे. तो योग्य की अयोग्य यावर इथे बोलत नाही. पण या गुहेचे रोजचे डोळे हे आजूबाजूच्या गावातले लोक होते. कोण कुठल्या वाटेने आले, गाडी कुठे लावली, हे त्यांना खात्याच्या आधी कळते. लोक हलले तर त्यांच्यातल्याच काहींना राखणदार म्हणून कायम नेमा. ही माणसे मराठी बोलतात, पाकोळी आणि वाघूळ यांतला फरक जाणतात, कुठल्या घळीत संध्याकाळी काय उडते हे सांगू शकतात. एवढी माहिती बाहेरून आलेल्या पथकाला दहा वर्षांत मिळणार नाही.

आता मोजदाद. आत जाऊन विजेरीच्या प्रकाशात मोजलेला आकडा दोनदा चुकतो: भेगांतली वटवाघळे दिसत नाहीत म्हणून तो कमी येतो, आणि घाबरून उडालेली फिरफिरून पुन्हा समोर येतात म्हणून वाढतो. संध्याकाळी बाहेर पडताना केलेली मोजणी अधिक भरवशाची. मावळतीच्या अर्धा तास आधी जागेवर बसा, तोंडाच्या बाजूला दहा-पंधरा मीटरवर, समोर कधीच नाही. वटवाघळांच्या वाटेत माणूस असेल तर ती बाहेर पडायला थांबतात, आणि कीटकांचा भर असलेला पहिला तास वाया जातो. दोन माणसे, दोघांच्या हातात अंगठ्याने दाबायचा मोजणी-काटा. एक बाहेर जाणारी मोजतो, दुसरा आत परतणारी. दर पाच मिनिटांनी आकडे वहीत, वजाबाकी नंतर. तिसरी गोष्ट, तिपाईवर अवरक्त प्रकाशात चालणारा कॅमेरा, आभाळाची बाजू चौकटीत घेऊन. दिवा ९४० नॅनोमीटरचा घ्या. ८५० चा दिवा मंद लाल चमकतो. मोजणाऱ्याकडून गर्दीत चूक होतेच, चित्रफीत पुन्हा सावकाश पाहता येते. शेवटचे वटवाघूळ गेल्यावर दहा मिनिटे कुणीच आले नाही की थांबावे. सलग तीन रात्री. पौर्णिमेच्या आसपास नको, पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर ती रात्र सोडून द्या. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून, त्याच वेळी. वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून संख्या वाढली किंवा घटली असे म्हणता येत नाही.

खरी पंचाईत अशी की एका गुहेतून अनेक जाती बाहेर पडतात. नुसत्या डोळ्यांनी रॉटनचे वटवाघूळ वेगळे काढायचे तर आकार आणि चाल पाहा: मोठे, बाहेर पडताच उंच चढणारे, सरळ आणि वेगवान, फडफड न करणारे. पण अंधारात याने भागत नाही, तिथे आवाज लागतो. आणि आवाजाबद्दल जे सांगायचे आहे, ते या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे.

बहुतेक वटवाघळांच्या हाका माणसाला ऐकू येत नाहीत. छोट्या पाकोळ्या साधारण ४० ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतात, काही पर्णनासी वटवाघळे शंभराच्या पुढे. आपले कान २० पर्यंतच, आणि तेही तरुणपणी. रॉटनच्या वटवाघळाची हाक मात्र १५ किलोहर्ट्झच्या आसपासची. खालच्या सुरातला आवाज हवेत लवकर विरत नाही, म्हणून उंच मोकळ्या आभाळात लांबचा मोठा कीटक टिपायला तो सोयीचा. शिवाय बऱ्याच पतंगांचे कान २० च्या वरच्या आवाजांना अधिक तीक्ष्ण असतात, त्यामुळे त्यांना चाहूल उशिरा लागते. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. रात्री डोक्यावरून जाताना हे वटवाघूळ तरुण माणसाला बारीक 'टिक्‌-टिक्‌' असे ऐकू येऊ शकते. चाळिशी उलटलेल्या कानांची वरची मर्यादा बहुधा त्याच्या खाली आलेली असते. म्हणून शोधाला जाताना खात्यातली विशीतली मुले-मुली बरोबर घ्या, आणि त्यांनी 'ऐकू आले' म्हटले तर वरिष्ठांनी ते मोडीत काढू नये.

यंत्रांच्या बाबतीत चूक कुठे होते तेही सांगतो. वटवाघळांचे आवाज नोंदवणाऱ्या कित्येक यंत्रांत कीटकांचा आणि वाऱ्याचा गोंगाट टाळण्यासाठी १६ किलोहर्ट्झच्या खालचे सगळे गाळून टाकण्याची किंवा त्याखालच्या आवाजाला यंत्र चालूच न होण्याची मांडणी आधीपासून असते. यंत्र डब्यातून काढले, झाडाला बांधले, महिनाभर चालवले आणि निष्कर्ष लिहिला की ही जात इथे नाही. ती होती किंवा नव्हती, हे त्या नोंदींवरून सांगताच येत नाही, कारण नेमका तिचाच आवाज गाळला गेला. ही मर्यादा ८ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणा. गोंगाटाने कार्ड लवकर भरेल, त्याला इलाज नाही. मोठे कार्ड घाला.

याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र फार आशेची आहे. १५ किलोहर्ट्झचा आवाज टिपायला वटवाघळांचे महागडे यंत्रच लागते असे नाही. ध्वनिमुद्रणात सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडले जातात. पक्षी आणि बेडकांसाठी जंगलात लावलेली यंत्रे बहुधा ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे २२ ते २४ पर्यंतचे आवाज त्यात येतात. रॉटनचे वटवाघूळ या पट्ट्यात आरामात बसते. घाटातल्या कुणा संशोधकाने पक्ष्यांसाठी रात्रभर चालू ठेवलेल्या मुद्रणात ते आधीच पकडले गेलेले असू शकते, कुणी तिकडे पाहिलेले नाही एवढेच. तुमच्या परवानगीने तुमच्या जंगलात ज्यांनी असे मुद्रण केले आहे, त्यांच्याकडून रात्री सात ते पहाटे पाचपर्यंतच्या फाइली मागवा. दोन अटी आहेत. यंत्र ३२ किलोहर्ट्झवर चालवले असेल तर त्याची वरची मर्यादा १६ इतकी काठावर येते, ते मुद्रण बेभरवशाचे. आणि फाइल मूळ डब्ल्यूएव्ही स्वरूपात हवी. जागा वाचवण्यासाठी एमपी-३ केलेली असेल तर त्यात बहुधा नेमका १६ च्या आसपासचा आणि वरचा भाग कापलेला असतो.

मुद्रण पाहायचे कसे? ऑडॅसिटीसारखा फुकट प्रोग्राम चालतो. ध्वनिचित्राचे (स्पेक्ट्रोग्राम: आडवी वेळ, उभी सुराची उंची) दृश्य निवडा, वरची मर्यादा २४ किलोहर्ट्झपर्यंत वाढवा, आणि १० ते २० च्या पट्ट्यात पाहा. रातकिड्यांचा आवाज अखंड पट्टा म्हणून दिसतो, किंवा घड्याळाच्या काट्यासारख्या सारख्या अंतराच्या ठिपक्यांची रांग म्हणून, आणि तास-तास हलत नाही. वटवाघळाची हाक म्हणजे एकेक छोटी, जवळजवळ आडवी, किंचित खाली उतरणारी रेघ. दोन रेघांत चांगले अंतर. आणि पूर्ण मालिका काही सेकंदांत फिकी होत येते, गडद होते, पुन्हा फिकी होऊन संपते, कारण प्राणी जवळ येऊन लांब गेलेला असतो. गुहेच्या तोंडाशी फळखाऊ वटवाघळे जिभेने काढतात त्या टिचक्याही ऐकू येतात, पण त्या ध्वनिचित्रात आडव्या नसून उभ्या, खालपासून वरपर्यंत पसरलेल्या आणि बऱ्याचदा जोडीने असतात. मोकळ्या शेपटीच्या इतर जाती आणि थडग्यांतली वटवाघळे सहसा याच्या वरच्या सुरात बोलतात, पण सीमेवर सरमिसळ होते. म्हणून एका रेघेवरून नोंद जाहीर करू नका. निदान एक पूर्ण मालिका, वेगवेगळ्या रात्रींची, आणि वटवाघळांच्या आवाजांवर काम केलेल्या माणसाचे मत, एवढे झाल्याशिवाय नाही.

यंत्र लावायचे ते दाट झाडीत किंवा ओढ्याकाठी नको. हे वटवाघूळ पानांतून फिरत नाही, आणि पाण्याच्या खळखळाटात १५ किलोहर्ट्झचा आवाज बुडतो. सड्याच्या कडेला, कड्याच्या माथ्यावर, तिलारीसारख्या धरणाच्या उघड्या पाण्याकाठी, तीन-चार मीटरच्या बांबूवर, माइक थोडा वर रोखलेला. पावसाळ्यात माइक भिजतो आणि किड्यांचे रान माजलेले असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एका जागी निदान सात रात्री. हाक मिळाली म्हणजे गुहा जवळच आहे असे नाही. अशी वटवाघळे चाऱ्यासाठी रात्रीत कित्येक किलोमीटर जातात. पण हाक मावळतीनंतर पहिल्या अर्ध्या तासात मिळत असेल तर बिऱ्हाड लांब नाही. मग यंत्रे चारी दिशांना सरकवत न्या, हाक लवकरात लवकर कुठे येते ते पाहा, आणि शेवटी समोरच्या डोंगरावर बसून दुर्बिणीने कडा निरखा. भेग कळली की थांबा. चढून पाहायची गरज नाही.

गोव्यात म्हादई आणि महाराष्ट्रात दोडामार्ग-तिलारीचा पट्टा इथून सुरुवात करावी असे आमचे मत आहे, कारण भीमगडपासून डोंगर सलग आहे आणि वटवाघळांना राज्यांच्या हद्दी नाहीत. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या उंच कड्यांकडे त्यानंतर वळता येईल.

महाबळेश्वरचा उल्लेख इथे करणे भाग आहे. तिथल्या रॉबर्स केव्हमधील वाकलेल्या पंखांच्या वटवाघळांच्या माद्या विण्यासाठी दूरदूरच्या परिसरातून एकत्र येतात. अशी एक गुहा बिघडली तर एका गावाची नाही, अख्ख्या टापूची पुढची पिढी जाते. त्याच महाबळेश्वर भागातल्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने घेतले आणि फळखाऊ वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बातमी पसरली आणि लोक घाबरले. प्रतिपिंडे आढळणे म्हणजे साथ येणे नव्हे. पण अशा भीतीत कुणी गुहा जाळायचा, बुजवायचा प्रस्ताव आणला तर तुमच्याकडे उत्तर तयार हवे: हुसकावलेली वटवाघळे नाहीशी होत नाहीत, विखुरतात, ताणाखाली येतात आणि माणसांच्या वस्तीजवळ आसरा शोधतात. गुहेतल्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली तर त्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, हेही खरे. दोन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे, आणि तो या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आहे.

'सुरक्षित हंगाम' शोधून त्या काळात सहलींना परवानगी द्यावी, असा एक मार्ग सुचवला जातो. तो चालत नाही. नालनासी वटवाघळांची पिल्ले एप्रिल-मेमध्ये येतात. गुहेतली फळखाऊ वटवाघळे वर्षातून दोनदा वितात, मार्चच्या सुमारास आणि पुन्हा पावसाळ्यात. एका छताखाली चार जाती असल्या की वर्षाचा कुठला ना कुठला महिना कुणाच्या तरी बाळंतपणाचा असतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. देशात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती, आणि दीर्घकाळ त्यातल्या दोनच जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत जागा होती: सलीम अलींच्या नावाचे फळखाऊ वटवाघूळ आणि हे रॉटनचे. कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणेही येते, म्हणून जाळे लावून 'फक्त फोटोपुरते' धरणे हाही गुन्हाच. पहिल्या अनुसूचीसाठी शिक्षा तीन ते सात वर्षांची, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड निदान २५ हजार रुपये. अभयारण्यात शिरायलाच २८ व्या कलमाखाली परवाना लागतो. तो देताना 'गुहेत प्रवेश नाही' ही ओळ प्रत्येक परवान्यावर छापा, संशोधनाच्या परवान्यांवरही. पकडल्याशिवाय भागणार नाही असा प्रश्न कुणी घेऊन आला, तर तो बाहेरून, आवाजाने किंवा चित्रफितीने सुटतो का, हे आधी विचारा. दहापैकी नऊ वेळा सुटतो.

आणि जागा गुप्त ठेवा. बारापेडेचे नाव शंभर वर्षे छापले जात आहे, ते लपणार नाही, म्हणून या पत्रातही लिहिले. पण नव्या जागांचे तसे होऊ देऊ नका. अहवालात फक्त तालुका लिहा, नकाशावर दहा किलोमीटरचा चौकोन दाखवा. वनरक्षकांच्या मोबाइलमधल्या फोटोंत ठिकाण आपोआप नोंदले जाते. गुहेकडे जाण्याआधी ते बंद करायला सांगा. एक फोटो गटावर गेला की पुढच्या शनिवारी गाड्या येतात.

यंदाच्या थंडीत करण्यासारखे काम थोडकेच आहे. भीमगडमध्ये डिसेंबरच्या अमावास्येभोवती तीन रात्रींची मोजणी, बाहेर बसून. म्हादई आणि तिलारीत प्रत्येकी दोन जागी यंत्रे, ८ किलोहर्ट्झच्या मांडणीवर, सात रात्री. आणि पत्र मिळाल्या आठवड्यातच, तुमच्या जंगलात आवाज मुद्रित केलेल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी: मूळ फाइली पुसू नका, आम्हाला रात्रीचे तास हवे आहेत.

आपले,
सह्याद्रीतील वटवाघळांवर काम करणारे अभ्यासक